जूनटीन्थ: १९ जून १८६५ ला गॅल्व्हेस्टनमध्ये नेमकं काय झालं?

बखरबहाद्दर (धागाकर्ता)

जून लागला की मराठी जालावर एक ठरलेलं वाक्य फिरू लागतं: लिंकनने १८६३ मध्ये गुलामांना मुक्त केलं, पण टेक्सासपर्यंत बातमी पोचायला अडीच वर्षं लागली, म्हणून जूनटीन्थ, म्हणजे १९ जूनला अमेरिकेत पाळतात तो गुलामांच्या मुक्तीचा दिवस. यातल्या तारखा बरोबर आहेत. कारण मात्र साफ चुकीचं आहे, आणि ते चुकलं की पुढचं काहीच नीट समजत नाही. म्हणून हा धागा.

आधी लिंकनचा कागद बघू. २२ सप्टेंबर १८६२ ला पूर्वसूचना निघाली, १ जानेवारी १८६३ पासून अंमल. हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेला कायदा नव्हता. दक्षिणेची गुलामवाली राज्यं देशातून फुटली होती आणि उत्तर त्यांच्याशी लढत होती, त्या यादवी युद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्षाने सरसेनापती या नात्याने काढलेला तो हुकूम होता, त्यामुळे त्याची हद्दही युद्धाने ठरवलेली. त्या दिवशी जे प्रदेश बंडात होते, तेवढ्यांनाच तो लागू. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी या चार राज्यांत गुलामी होती, पण ती फुटली नव्हती, म्हणून ती बाहेर. टेनेसी बाहेर. न्यू ऑर्लिन्स धरून लुइझियानाचे १३ परगणे आणि व्हर्जिनियातले काही भागही बाहेर, कारण तिथे उत्तरेचं सैन्य आधीच बसलं होतं. म्हणजे जिथे लिंकनचं चालत होतं ते भाग वगळले आणि जिथे चालत नव्हतं तिथे हुकूम लागू केला. फौज पुढे सरकेल तसतसा तो खरा होत गेला.

टेक्सासात फौज सरकलीच नाही. ऑक्टोबर १८६२ मध्ये उत्तरेने गॅल्व्हेस्टन बंदर घेतलं होतं, पण दक्षिणेच्या जनरल मॅग्रूडरने ते परत जिंकलं, आणि तेही कधी, तर १ जानेवारी १८६३ ला. घोषणा अमलात आली त्याच दिवशी! तिथून पुढे युद्ध संपेपर्यंत टेक्सासचा बहुतेक मुलूख दक्षिणेकडेच राहिला. हे पाहून लुइझियाना, मिसिसिपी, आर्कान्सातले मळेवाले आपली गुलाम माणसं घेऊन टेक्सासात घुसले, कारण इथे उत्तरेचे शिपाई नव्हते. १८६० च्या जनगणनेत टेक्सासात १,८२,५६६ गुलाम होते. १८६५ मध्ये हा आकडा सुमारे अडीच लाखांवर गेलेला होता. मुक्तीच्या घोषणेनंतर गुलामांची संख्या वाढलेला हा प्रांत आहे.

आता शेवटचे दोन महिने. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा मुख्य सेनापती ली शरण आला. १४ एप्रिलला लिंकनला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी तो गेला. तरी १२ आणि १३ मे रोजी टेक्सासच्या दक्षिण टोकाला पाल्मिटो रँच इथे लढाई झालीच. मिसिसिपी नदीपलीकडच्या दक्षिणी सैन्याच्या शरणागतीच्या अटी २६ मे रोजी न्यू ऑर्लिन्सला ठरल्या आणि जनरल कर्बी स्मिथने २ जूनला गॅल्व्हेस्टन बंदरातल्या जहाजावर त्यावर सही केली. त्यानंतर उत्तरेचा मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर सुमारे दोन हजार शिपाई घेऊन आला आणि १९ जूनला त्याचा 'सर्वसाधारण हुकूम क्रमांक ३' निघाला. हुकूम छोटा आहे. वाक्यागणिक वाचावा असा आहे:

पहिलं वाक्य: अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घोषणेनुसार सर्व गुलाम मुक्त आहेत, हे टेक्सासच्या लोकांना कळवण्यात येत आहे.

दुसरं: यात पूर्वीचे मालक आणि गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समानता आली, आणि आजवर त्यांच्यात जे नातं होतं ते आता मालक आणि पगारी मजूर असं होईल.

तिसरं: मुक्त झालेल्यांनी सध्याच्या घरीच शांतपणे राहून मजुरीवर काम करावं, असा सल्ला.

चौथं: त्यांना लष्करी ठाण्यांवर जमू दिलं जाणार नाही, आणि तिथे किंवा अन्यत्र त्यांना आळसात पोसलं जाणार नाही.

सणाच्या दिवशी लोक पहिली दोन वाक्यं म्हणतात. पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास उरलेल्या दोन वाक्यांतून निघाला. जाणकारांनी भर घालावी.

---

तळटीप

चांगला धागा. हुकुमाबद्दल थोडं तपशिलात.

हुकुमावर सही ग्रेंजरची नाही. 'मेजर जनरल ग्रेंजर यांच्या आज्ञेवरून' असं लिहून खाली मेजर एफ. डब्ल्यू. एमरी या त्याच्या सहायकाची सही आहे. लष्करी हुकुमांची ती रीतच होती. जालावर ग्रेंजरच्या सहीची चित्रं फिरतात ती दुसऱ्या कागदांवरची. हस्तलिखित नोंद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हुकुमांच्या बांधीव वहीत होती आणि २०२० च्या जूनमध्ये ती शोधून लोकांसमोर आणली.

दुसरं म्हणजे सज्जा. ग्रेंजरने अ‍ॅश्टन व्हिला नावाच्या हवेलीच्या सज्जातून हुकूम वाचून दाखवला, ही कथा पर्यटनाच्या पत्रकांतून घट्ट झाली आहे. तिला समकालीन पुरावा नाही. ग्रेंजरचं मुख्यालय स्ट्रँड आणि बावीसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या ऑस्टरमन इमारतीत होतं. ती इमारत आता नाही, जागेवर फलक आहे. २०२१ मध्ये तिथे शेजारच्या भिंतीवर भलंमोठं भित्तिचित्र काढलं. असे हुकूम जाहीर कसे व्हायचे हे लक्षात घेतलं की सज्जाची गरजच उरत नाही: प्रती काढायच्या, शहरात लावायच्या, वर्तमानपत्राला छापायला द्यायच्या. मग शिपाई आतल्या भागात जातील तसा हुकूम त्यांच्याबरोबर गावोगाव जायचा.

म्हणून '१९ जूनला टेक्सासचे गुलाम मुक्त झाले' हेही सैलच बोलणं आहे. त्या दिवशी गॅल्व्हेस्टन बेटावरच्या लोकांना कळलं. आतल्या जिल्ह्यांत मळेवाल्यांनी कळवलं तेव्हा, किंवा लष्कर पोचलं तेव्हा.

---

खोडरबर

@बखरबहाद्दर, 'जिथे लिंकनचं चालत नव्हतं तिथे हुकूम लागू केला' हे वाक्य टाळ्या घेतं, पण पुरतं खरं नाही. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची बेटं उत्तरेच्या ताब्यात होती आणि ती वगळलेली नव्हती. ब्यूफर्टजवळच्या छावणीत १ जानेवारी १८६३ लाच घोषणा वाचली आणि ऐकणारे तिथल्या तिथे मुक्त झाले. 'कागदी घोषणा' हा आरोप दक्षिणेची वृत्तपत्रं त्या काळीच करत होती. घोषणेने आणखी एक केलं: काळ्या पुरुषांना सैन्यात घ्यायचं दार उघडलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार जण त्यातून भरती झाले. त्यांतल्या पंचविसाव्या कोअरला (सैन्याच्या मोठ्या विभागाला) १८६५ च्या उन्हाळ्यात टेक्सासलाच धाडलं, कारण मेक्सिकोत फ्रेंचांनी बसवलेल्या बादशहावर नजर ठेवायची होती.

---

उगाचप्रश्न

मग १९ जून हा गुलामीचा शेवटचा दिवस म्हणायचा का? बऱ्याच लेखांत तसं असतं.

---

खोडरबर

नाही. तारखा राज्यागणिक बघा, म्हणजे गोंधळ होत नाही.

वॉशिंग्टन शहर: १६ एप्रिल १८६२, मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई देऊन. भरपाई मालकांना, हे विसरू नका. मेरीलँड: १ नोव्हेंबर १८६४, नव्या राज्यघटनेने. मिसुरी: ११ जानेवारी १८६५. वेस्ट व्हर्जिनिया: ३ फेब्रुवारी १८६५. फ्लोरिडा: २० मे १८६५, टॅलाहासीला घोषणा वाचली तो दिवस. टेक्सास: १९ जून.

केंटकी आणि डेलावेअर सगळ्यांत शेवटी, आणि ती दोन्ही न फुटलेली राज्यं. लिंकनची घोषणा त्यांना लागूच नव्हती, म्हणून तिथली गुलामी तेराव्या घटनादुरुस्तीनेच संपली. ती दुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधिगृहात पार पडली, ६ डिसेंबरला जॉर्जियाच्या संमतीने राज्यांचा आकडा भरला, १८ डिसेंबरला अधिकृत जाहीर झाली. डेलावेअरमध्ये १८६० ला १,७९८ गुलाम होते, तरी त्या राज्याने स्वतः दुरुस्तीला संमती दिली ती १९०१ साली. केंटकीने १९७६ साली!

याही पलीकडे, आजच्या ओक्लाहोमात चोक्टॉ, चिकासॉ, क्रीक वगैरे आदिवासी राष्ट्रांत गुलाम होते. ते वेगळे सार्वभौम मुलूख धरले जात. तिथला हिशोब १८६६ च्या तहांनी मिटला.

म्हणूनच अमेरिकेत मुक्तिदिन एक नाही. फ्लोरिडात २० मे, टेनेसी आणि केंटकीच्या काही भागांत ८ ऑगस्ट, अनेक चर्चेसमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्रीची जागरण-प्रार्थना. टेक्सासचा दिवस देशभर गेला तो टेक्सासचे लोक देशभर गेले म्हणून.

---

कापूसकोंडी

बातमीचा मुद्दा पीकपाण्यातून बघा.

टेक्सासात कापसाची पेरणी मार्च-एप्रिलमध्ये, विरळणी आणि खुरपणी मे-जूनमध्ये, वेचणी ऑगस्टच्या अखेरीपासून थेट डिसेंबरपर्यंत. जूनच्या मध्याला शेत निंदायला माणसं लागतात आणि दोन महिन्यांनी वेचायला त्याहून जास्त लागतात. ज्या मालकांनी हुकूम आल्यावरही तोंड बंद ठेवलं, त्यांनी वेचणी उरकेपर्यंत ठेवलं. पुढे म्हाताऱ्या झालेल्या मुक्त गुलामांच्या मुलाखतींत हे पुन्हा पुन्हा येतं.

एक निरोप्या खेचरावरून निघाला आणि वाटेत मारला गेला, अशीही कथा सांगतात. तिची गरज काय? टेक्सासच्या वर्तमानपत्रांत लिंकनच्या घोषणेवर १८६२ पासून लिहून येत होतं. मालक वाचत होते. गुलामांनाही अगदीच अंधारात ठेवता आलं नव्हतं. सॅन अँटोनियोच्या फेलिक्स हेवूडची मुलाखत प्रसिद्ध आहे. तो सांगतो की एक जण रोज टपाल कचेरीत जायचा, त्यामुळे युद्धात काय चाललंय ते आम्हाला कळत असे. तोच पुढे म्हणतो की उत्तरेला पळायची गरजच नव्हती. दक्षिणेकडे चालत सुटायचं आणि रिओ ग्रान्दे ओलांडली की मोकळे. मेक्सिकोने गुलामी १८२९ मध्येच बंद केली होती.

माहिती होती, अंमल करणारं कोणी नव्हतं. ग्रेंजरने आणली ती फौज.

आता मुंबईशी असलेला संबंध. युद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. (टेक्सासचा थोडा कापूस मेक्सिकोच्या माटामोरोसमार्गे बाहेर पडत होता, तेवढाच.) त्या टंचाईवर मुंबईचा कापूस बाजार तेजीत गेला, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरांचा जुगार झाला, कापसाचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव दुमदुमलं. ली शरण आल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. वायद्यांचे सौदे पुरे करायची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी मुंबईत पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. गॅल्व्हेस्टनचा हुकूम निघून बारा दिवस झाले होते.

---

करारनामा

धागाकर्त्याने तिसऱ्या-चौथ्या वाक्याकडे बोट दाखवलं ते बरं केलं. 'मजुरीवर काम करावं' याचा व्यवहारात अर्थ काय झाला ते सांगतो.

सप्टेंबर १८६५ मध्ये फ्रीडमन्स ब्यूरोचा, म्हणजे मुक्त झालेल्यांसाठीच्या संघीय खात्याचा, टेक्सासचा प्रमुख म्हणून एडगर ग्रेगरी आला. त्याच्या माणसांचं मुख्य काम मजुरीचे लेखी करार करून घेणं आणि ते पाळले जातात का बघणं. राज्य टेक्सासएवढं आणि अधिकारी मूठभर. ठाण्यापासून दिवसभराच्या घोड्यावरच्या वाटेपलीकडे त्यांचा वचक नसे.

मग १८६६ च्या शेवटी राज्याच्या विधिमंडळाने, म्हणजे परत निवडून आलेल्या जुन्याच मंडळींनी, मजुरी कराराचा कायदा केला. महिन्याहून जास्त मुदतीचं काम असेल तर करार लेखी हवा, तीन प्रती हव्यात. इथवर ठीक वाटतं. पुढची कलमं अशी: करार कुटुंबप्रमुखाने केला तर घरातली कामाला लागणारी सगळी माणसं त्यात बांधली जाणार. आज्ञा मोडली तर १ डॉलर दंड. कामाचा वेळ बुडाला तर तासाला २५ सेंट. परवानगीशिवाय घर सोडलं तर दिवसाला २ डॉलर. मालकाशी उद्धट बोलणं हाही आज्ञाभंगच. आणि मजूर काय करतोय हे ठरवणार कोण, तर मालक. वर्षाच्या शेवटी हिशोब मांडला की मजुराच्या हातात काही उरत नसे, हे अपघाताने होत नव्हतं.

या कायद्यात कुठेही रंगाचं नाव नाही. ब्यूरोच्या तपासणीतून निसटावा म्हणून मुद्दाम तसा लिहिलेला. त्याच सुमाराचा जमीनवाटपाचा कायदा मात्र उघड होता: १६० एकर सरकारी जमीन, फक्त गोऱ्यांना. टेक्सासची पडीक जमीन संघराज्याकडे नव्हती, राज्याकडे होती. त्यामुळे मुक्त झालेल्या कुटुंबाला जमीन मिळेल ही 'चाळीस एकर'ची जी आशा जॉर्जियाच्या किनाऱ्यावर काही महिने तरी टिकली, ती टेक्सासात कायदेशीरपणे उभीच राहू शकत नव्हती.

पैशातली मजुरी मागे पडून लवकरच वाटा आला. फक्त अंगमेहनत असेल तर पिकाचा अर्धा वाटा. स्वतःचं खेचर, अवजारं आणि बी असेल तर मालकाला मक्याचा तिसरा आणि कापसाचा चौथा हिस्सा द्यायचा, बाकी आपलं. टेक्सासात याला 'थर्ड अँड फोर्थ' म्हणत. गोम अशी की वर्षभराचा किराणा मालकाच्या किंवा सावकाराच्या दुकानातून उधार, पिकावर बोजा चढवून. चढ्या दराने. कापूस विकणारही तोच आणि वही ठेवणारही तोच.

---

उगाचप्रश्न

तेराव्या दुरुस्तीत 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून' असा अपवाद आहे ना? त्याचा टेक्सासात काय परिणाम झाला?

---

करारनामा

झाला. भटकेपणा, किरकोळ चोरी, करार मोडणं, यांवर शिक्षा आणि मग कैदी भाड्याने. राज्य कैदी ठेकेदाराला द्यायचं, ठेकेदार ते उसाच्या मळ्यांवर आणि लोहमार्गावर लावायचा. गुलामाची मालकाला निदान किंमत मोजावी लागलेली असे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा.

ह्यूस्टनजवळचं शुगरलँड आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं असेल. २०१८ मध्ये तिथे शाळेच्या बांधकामासाठी खोदताना ९५ जणांची दफनं सापडली. ते सगळे भाड्याने दिलेले काळे कैदी होते. दफनांचा काळ गुलामी कायद्याने संपल्यानंतरचा आहे.

---

चौकातली_बाग

सण टिकला कसा, यावर कोणी बोललं नाही अजून. उत्तर एका शब्दात: जागा.

१८६६ च्या जूनपासून टेक्सासात लोक जमू लागले. प्रार्थना, मुक्तिघोषणेचं जाहीर वाचन, गुलामीत राहिलेल्या म्हाताऱ्यांची भाषणं, मिरवणूक, बेसबॉल, जेवण. अडचण अशी की शहरातल्या सार्वजनिक जागा काळ्यांना वापरू देत नसत. म्हणून पहिल्या वर्षांत सण नदीकाठी, ओढ्याकाठी किंवा चर्चच्या आवारात. जो जागा देईल त्याची मर्जी सांभाळायची.

ह्यूस्टनमध्ये १८७२ साली बाप्टिस्ट पाद्री जॅक येट्स आणि सोबत्यांनी ८०० डॉलर जमवून १० एकर जमीन घेतली. तीच इमॅन्सिपेशन पार्क. १९१६ मध्ये ती शहराला दिली. आणि १९२२ ते १९४० पर्यंत काळ्यांना खुली असलेली ती ह्यूस्टनची एकमेव सार्वजनिक बाग होती. आपणच घेऊन दिलेली बाग, आणि शहराच्या बाकी सगळ्या बागांना आपल्याला बंदी! टेक्सासातल्याच मेहिया गावाजवळ नदीच्या वळणावर १८९८ मध्ये अशीच जमीन घेतली, तिथे आजही १९ जूनला लोक परततात.

विसाव्या शतकात सण उतरणीला लागला. शेतमजूर मालकाला सांगून दिवस मोडू शके. कारखान्यात मंगळवार असेल तर मंगळवारी कामावर जावंच लागे. शाळेत शिकवत ते १८६३ आणि लिंकन, गॅल्व्हेस्टन नाही. १९३६ मध्ये डॅलसच्या शतकोत्सवी प्रदर्शनात काळ्यांच्या जीवनावरचं दालन मुद्दाम १९ जूनला उघडलं. प्रदर्शन संपल्यावर ते दालन लगेच पाडून टाकलं.

त्याच काळात टेक्सासातून लोक लॉस एंजेलिस, ओकलंड, सिअ‍ॅटलकडे गेले आणि सण बरोबर घेऊन गेले. मेक्सिकोतल्या कोआविला प्रांतात तर मास्कोगो समाज, म्हणजे सेमिनोल आदिवासींत मिसळलेल्या आणि मेक्सिकोत पळून गेलेल्या काळ्यांचे वंशज, १९ जूनलाच आपला दिवस पाळतात.

---

कलम_पोटकलम

कायद्याची बाजू थोडक्यात.

टेक्सासच्या विधिमंडळात ह्यूस्टनचे प्रतिनिधी अल एडवर्ड्स यांनी १९७९ मध्ये विधेयक क्रमांक १०१६ आणलं. गव्हर्नर क्लेमेंट्सनी सही केली आणि १ जानेवारी १९८० पासून ती राज्याची सुट्टी झाली. पहिलं राज्य टेक्सासच.

देशपातळीवर फोर्टवर्थच्या ओपल ली यांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांचं कुटुंब गोऱ्या वस्तीत राहायला गेलं म्हणून जमावाने घर जाळलं, तो दिवस होता १९ जून १९३९. २०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या फोर्टवर्थहून वॉशिंग्टनच्या मोहिमेवर निघाल्या. गावोगाव अडीच मैल चालायच्या, अडीच वर्षांच्या विलंबाची आठवण म्हणून. १५ जून २०२१ ला सिनेटमध्ये विधेयक एकमताने, १६ ला प्रतिनिधिगृहात ४१५ विरुद्ध १४, आणि १७ ला बायडेन यांची सही. १९८३ च्या मार्टिन ल्यूथर किंग दिनानंतरची ही पहिली नवी संघीय सुट्टी. सहीच्या वेळी ली हजर होत्या.

---

व्हिसावारी

व्यवहाराचं विचारते. १९ जूनला नक्की काय काय बंद असतं? कंपनीत काही जणांना सुट्टी, काहींना नाही.

---

कलम_पोटकलम

संघीय सुट्टी ही फक्त संघीय कर्मचाऱ्यांना बांधील असते. खाजगी कंपनीने द्यावी असा कायदा नाही, ती कंपनीची मर्जी. म्हणून तुमच्याकडे तसा फरक दिसतो.

संघीय कचेऱ्या, टपाल, फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) बंद. त्यामुळे बँकांमधलं हस्तांतर दुसऱ्या कामाच्या दिवसावर जातं. भारतात पैसे पाठवायचे असतील तर दोन दिवस आधी पाठवा. न्यूयॉर्क शेअर बाजार २०२२ पासून बंद असतो. मुंबईची अमेरिकी वकिलात अमेरिकी आणि भारतीय दोन्ही सुट्ट्या पाळते, तेव्हा त्या दिवशी मुलाखत नसते. टेक्सासच्या राज्य कचेऱ्या मात्र पूर्ण बंद नसतात. तिथे हा 'अंशतः कर्मचारी' प्रकारचा दिवस आहे, थोडे लोक बसवून काम चालू ठेवतात.

२०२७ साठी आत्ताच लक्षात ठेवा: १९ जून शनिवारी येतो. संघीय कर्मचाऱ्यांना शुक्रवारी, १८ ला सुट्टी. पण फेडरल रिझर्व्ह शनिवारच्या सुट्टीबदली शुक्रवार बंद ठेवत नाही. म्हणजे कचेरी बंद, बँकेचं हस्तांतर चालू.

---

अंबाडीताई

जेवणाचा विषय निसटायला नको. या दिवशी ताटात आणि पेल्यात लाल रंग लागतो: कलिंगड, लाल सॉसेज, लाल सोडा, आणि जास्वंदीच्या कुळातलं लाल सरबत. हे सरबत पश्चिम आफ्रिकेत बिसाप, कॅरिबियनमध्ये सॉरेल. झाड आपल्या ओळखीचं आहे: लाल अंबाडी. विदर्भात हिच्या बोंडांची चटणी आणि सरबत करतातच.

दोन लिटरचं प्रमाण: सुक्या पाकळ्या ५० ग्रॅम, साखर २०० ते २५० ग्रॅम, आलं दोन इंच ठेचून, लवंगा पाच-सहा, अर्ध्या लिंबाचा रस.

पाकळ्या वाहत्या पाण्याखाली पटकन धुवा, माती खाली बसते. भिजत ठेवू नका, रंग तिथेच जातो. पाण्यात आलं-लवंग घालून खळखळ उकळी आणा, गॅस बंद करा, मग पाकळ्या टाका आणि झाकून वीस मिनिटं ठेवा. फडक्यातून गाळा. पाकळ्या घट्ट पिळू नका, गढूळ होतं. साखर कोमट असतानाच विरघळवा, लिंबू पूर्ण गार झाल्यावर. चार तास फ्रिजमध्ये.

काय बिघडतं? पाकळ्या पाण्याबरोबर उकळल्या की तुरट होतं, मग कितीही साखर घाला, जीभ आखडते. अ‍ॅल्युमिनियम किंवा कल्हई उडालेलं पितळ वापरलं तर आंबटपणाने धातूचा वास लागतो. स्टील किंवा काच घ्या. कडूशी चव आली तर बहुधा लवंगा जास्त झाल्यात.

मांसाचं म्हणाल तर जुनी पद्धत चरातली: दोन-तीन फूट खोल चर, त्यात ओक किंवा पेकनची लाकडं आदल्या रात्री जाळून निखारे करायचे, वर जाळी. ज्वाळ दिसली की समजा घाई झाली. चरबी ठिबकून भडका उडतो, बाहेरून कोळसा आणि आत कच्चं. निखारे बाजूच्या दुसऱ्या आगीतून फावड्याने आणून घालत राहायचे.

---

पुणेरी_पगडी_नाही

अवांतर, पण टाळवत नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना. त्या वर्षी तेरावी, चौदावी, पंधरावी दुरुस्ती (गुलामी बंद, नागरिकत्व, मताधिकार) तिन्ही घटनेत आलेल्या होत्या. पुण्यातून बघणाऱ्याला काम फत्ते झालेलं दिसावं, यात नवल नाही.

---

करारनामा

आणि जानेवारी १८७४ मध्ये टेक्सासात रिचर्ड कोक गव्हर्नर झाला, काळ्यांच्या मतांवर उभं असलेलं सरकार गेलं. अर्पणपत्रिकेची शाई वाळते न वाळते तोच.

---

तळटीप

मूळ साधनं वाचायची असतील त्यांच्यासाठी एक वाट. १९३६ ते १९३८ दरम्यान सरकारी लेखक-प्रकल्पाने पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून जास्त मुलाखती घेतल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत. टेक्सास म्हणजे सोळावा खंड, चार भागांत, आडनावाच्या अक्षरक्रमाने.

वाचताना तीन गोष्टी सांभाळा. सांगणारा १८६५ ला लहान मूल होता का, हे वयावरून काढा. ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं करता येतं. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते आणि मंदीच्या दिवसांत सांगणाऱ्याला सरकारी मदतीची आशा असे, त्यामुळे 'मालक चांगला होता' हे वाक्य तेवढ्याच मोलाने घ्या. तिसरं, बोलीचं लेखन मुलाखतकाराने आपल्या कानाने केलंय, त्यावरून सांगणाऱ्याच्या अकलेचा अंदाज बांधू नका.

शोधताना जूनटीन्थ हा शब्द टाकून थांबू नका, बऱ्याच जणांनी तो वापरलेला नाही. 'नाइन्टीन्थ ऑफ जून', 'सेट फ्री', 'टर्न लूज' असे शब्द घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी महिना तपासा. सप्टेंबर किंवा ख्रिसमस सापडला तर कापूसकोंडी यांनी वर दिलेलं वेचणीचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा.